एमआरआयचा इतिहास आणि कोलकाता: सिद्धान्त, चुंबक आणि हेलियम

१. या पाठात काय पाहायचे आहे

१९५४ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’ या अमेरिकी नियतकालिकात कलकत्त्याहून पाठवलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते टी. पी. दास आणि ए. के. साहा. विषय होता ‘स्पिन एको’ या प्रयोगाचे गणितीय विश्लेषण. एमआरआय हा शब्द तेव्हा जन्माला यायचा होता. आज मात्र कोणत्याही रुग्णालयातील एमआरआय तपासणीचा अहवाल पाहा, त्यात स्पिन एको पद्धतीने घेतलेल्या प्रतिमांचा उल्लेख बहुधा सापडेलच.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या देशातील जवळजवळ सगळी एमआरआय यंत्रे परदेशातून आली. त्यामुळे तपासणी महाग झाली, यंत्रे मोठ्या शहरांत गोळा झाली आणि सरकारी रुग्णालयातील रुग्णाच्या वाट्याला पुढची तारीख आली. ज्या शहरात या शास्त्राचे गणित १९५४ मध्येच मांडले जात होते, त्या शहराला, आणि एकूणच देशाला, यंत्र बाहेरून का आणावे लागले? हा प्रश्न मनात ठेवून हा पाठ वाचा. वैद्यकशास्त्राचे पूर्वज्ञान लागणार नाही. बारावीची भौतिकी पुरेशी आहे.

२. पूर्वपीठिका: एका डॉक्टरने स्थापलेली विज्ञानसंस्था

कलकत्त्यात भौतिकी आणि वैद्यक यांचे नाते जुने आहे. १८७६ मध्ये इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक महेंद्रलाल सरकार हे व्यवसायाने डॉक्टर होते. भारतीयांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, हा त्यांचा आग्रह होता. याच संस्थेत पुढे सी. व्ही. रामन यांनी काम केले. १९३३ पासून के. एस. कृष्णन यांनी येथेच स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांवर संशोधन केले. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. कृष्णन यांचा विषय मुख्यतः इलेक्ट्रॉनांमुळे येणारे चुंबकत्व हा होता आणि एमआरआय अणुकेंद्राच्या चुंबकत्वावर चालते. ही दोन चुंबकत्वे वेगळी आहेत. परंतु अतिशय दुर्बल चुंबकीय परिणाम नेटकेपणाने मोजण्याची सवय या शहराला तेव्हापासून होती, एवढे म्हणता येईल.

दुसरी संस्था मेघनाद साहा यांची. त्यांनी उभारलेल्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन ११ जानेवारी १९५० रोजी इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. १९५६ मध्ये साहा यांचे निधन झाले आणि त्यानंतर संस्थेला त्यांचे नाव मिळाले. नाव अणुकेंद्राचे असले तरी येथे जीवभौतिकीलाही जागा होती. भारतातील पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक तयार करणारे एन. एन. दासगुप्त हे याच वर्तुळातले. म्हणजे प्रतिमा दाखवणारे अवघड यंत्र स्वतः बांधण्याचा अनुभव कलकत्त्याला नव्हता, असे म्हणता येत नाही.

३. मूळ कल्पना: अणुकेंद्र आणि चुंबक

१९४५ च्या अखेरीस आणि १९४६ च्या आरंभी अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट दाखवली. हार्वर्डमध्ये एडवर्ड पर्सेल यांच्या गटाने पॅराफिन मेणातील, तर स्टॅनफर्डमध्ये फेलिक्स ब्लॉख यांच्या गटाने पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्राकडून रेडिओ लहरींचा संकेत मिळवला. याला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन म्हणतात. १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले.

कल्पना साधी आहे. हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो एखाद्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की तो भोवऱ्यासारखा डुलत फिरतो. त्याच्या फिरण्याची वारंवारता क्षेत्राच्या प्रमाणात असते: दर १ टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. रुग्णालयात सर्रास दिसणारे यंत्र १.५ टेस्लाचे असते. गुणाकार केल्यास सुमारे ६४ मेगाहर्ट्झ येतात. तुमच्या एफएम रेडिओचा पट्टा ८८ पासून सुरू होतो, म्हणजे ही वारंवारता त्याच्या जरा खाली. याच वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडल्या तर प्रोटॉन त्या शोषतात आणि लहरी थांबल्यावर स्वतः क्षीण संकेत देतात.

हा संकेत किती क्षीण असतो, याचा अंदाज घ्या. शरीराच्या तापमानाला बहुतेक प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने जवळजवळ सारखेच विभागलेले असतात. १.५ टेस्लाच्या क्षेत्रातही दर १० लाखांमागे फक्त ५ च्या आसपास प्रोटॉनांचे पारडे जड असते. सगळी प्रतिमा या पाचांच्या जिवावर तयार होते. शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, त्यामुळे प्रोटॉनांची संख्या प्रचंड, म्हणून हे जमते. चुंबक जितका शक्तिशाली, तितके हे पारडे अधिक झुकते. मोठ्या चुंबकाचा हट्ट कशासाठी, याचे उत्तर येथे आहे.

४. स्पिन एको आणि कलकत्त्याचा निबंध

चुंबक कितीही चांगला असला तरी त्याचे क्षेत्र सर्वत्र तंतोतंत सारखे नसते. काही प्रोटॉन किंचित वेगाने फिरतात, काही किंचित हळू. सुरुवातीला सगळे एकत्र असले तरी क्षणात त्यांची पांगापांग होते आणि संकेत विरतो. १९५० मध्ये एर्विन हान यांनी दाखवले की, थोड्या वेळाने रेडिओ लहरींचा दुसरा धक्का दिल्यास विरलेला संकेत पुन्हा उगवतो. प्रतिध्वनी यावा तसा. म्हणून नाव स्पिन एको.

हे समजण्यासाठी शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणा. शिट्टी वाजताच सगळी मुले एका रेषेवरून चालू लागतात, प्रत्येक जण आपापल्या वेगाने. दोन मिनिटांत रांग विस्कटते. तेव्हा दुसरी शिट्टी वाजते आणि सगळे जागच्या जागी मागे वळून त्याच वेगाने परत चालू लागतात. भराभर चालणारा लांब गेला होता, त्याला परतीचे अंतर जास्त. रेंगाळणारा जवळच होता, त्याला अंतर कमी. बरोबर दोन मिनिटांनी सगळे एकाच वेळी रेषेवर पोहोचतात. मात्र ज्याने वाटेत वेग बदलला, तो वेळेवर येत नाही. अशा मुलांमुळे परतलेली रांग थोडी विरळ असते. किती विरळ, यावरून मैदानात काय घडले ते कळते. प्रोटॉनांच्या बाबतीत हीच विरळता आसपासच्या पेशींची आणि पाण्याच्या हालचालीची माहिती देते.

हान यांनी प्रयोग दाखवला आणि त्याचे पहिले स्पष्टीकरणही दिले. संकेताचा आकार, उंची आणि वेळ हे सर्व ब्लॉख यांच्या समीकरणांतून पद्धतशीरपणे कसे काढायचे, हे काम पुढे अनेकांनी केले. दास आणि साहा यांचा १९५४ चा निबंध त्या कामात मोडतो. त्याच वर्षी कार आणि पर्सेल यांनी अमेरिकेत ही पद्धत सुधारली. दुसरा धक्का अर्ध्या फेऱ्याचा दिला की प्रतिध्वनी उत्तम मिळतो, हे त्यांचे योगदान. वर दिलेला मैदानाचा दृष्टांत खरे तर या सुधारित रूपाला लागू पडतो. १९५७ मध्ये साहा आणि दास यांचे या विषयावरील पुस्तकही कलकत्त्याच्या संस्थेने प्रकाशित केले. दास पुढे अमेरिकेत गेले आणि १९५८ मध्ये खुद्द हान यांच्यासह त्यांनी एक ग्रंथ लिहिला. कलकत्त्यातील हे काम जगाच्या बरोबरीने चालले होते, हे यावरून दिसते.

देशात हे एकच केंद्र नव्हते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी १९५१ मध्ये वाहत्या द्रवातील अनुस्पंदनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एमआरआयने रक्तप्रवाह पाहण्यामागची मूळ कल्पना हीच आहे. एस. एस. धर्मत्ती यांनी स्टॅनफर्डमध्ये अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासह १९५१ मध्ये अल्कोहोलचा तीन वेगळ्या रेषांचा प्रसिद्ध आलेख मिळवला आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा विषय रुजवला.

५. आलेखापासून चित्रापर्यंत

या टप्प्यापर्यंत संकेत मिळत होता, पण तो नमुन्यातील कोणत्या जागेवरून आला हे कळत नव्हते. १९७१ मध्ये रेमंड डॅमेडियन यांनी उंदरांच्या ऊतींवर प्रयोग करून दाखवले की, गाठींतील प्रोटॉनांना मूळ स्थितीत यायला निरोगी ऊतीपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणजे निदानाला उपयोगी पडेल असा फरक संकेतात आहे.

जागा कळण्याची युक्ती १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी ‘नेचर’मध्ये मांडली. मुख्य क्षेत्रावर आणखी एक क्षेत्र चढवायचे, जे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जाते. आता प्रत्येक जागेची वारंवारता वेगळी. उदाहरणार्थ, हे वाढते क्षेत्र दर मीटरला १० मिलिटेस्ला असेल, तर शेजारच्या १ मिलिमीटरवरील प्रोटॉनांची वारंवारता सुमारे ४२६ हर्ट्झने बदलते. रेडिओवर केंद्र ओळखावे तशी जागा ओळखता येते. लॉटरबर यांनी जड पाण्यात ठेवलेल्या साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढून हे सिद्ध केले. नॉटिंगहॅममध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्र वेगाने घेण्याचे गणित आणि तंत्र विकसित केले. या दोघांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. मधल्या काळात रिचर्ड अर्न्स्ट यांनी फूरिये रूपांतराचा वापर आणला आणि १९८० मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन मॅलार्ड यांच्या गटाने संपूर्ण शरीराचे यंत्र प्रत्यक्ष रुग्णासाठी वापरले.

नावातील ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द पुढे गळला. तो ऐकून लोकांना किरणोत्सर्गाची भीती वाटे. वस्तुतः एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, किरणोत्सारी पदार्थही नसतो.

६. निदानात नेमके काय सुधारले

तीन उदाहरणे पाहू.

पहिले, पक्षाघात. मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तुटला की पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन पुष्कळदा जवळजवळ सामान्य दिसतो. पण बाधित भागातील पाण्याच्या रेणूंची हालचाल लगेच मंदावते. ही हालचाल मोजणारी एमआरआय पद्धत फ्रान्समध्ये देनी ल बियाँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास मांडली. १९९० मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांवर दाखवले की, तिच्यामुळे पक्षाघात फार लवकर ओळखता येतो. मैदानात वेग बदलणाऱ्या मुलांचा दृष्टांत आठवा. ही पद्धत त्याच विरळतेचे मोजमाप आहे.

दुसरे, पाठीचा कणा. हाडांच्या पोकळीतील मज्जारज्जू साध्या क्ष-किरणाने दिसत नाही. पूर्वी त्यासाठी सुई टोचून मणक्यात औषध सोडावे लागे. एमआरआयने ते टोचणे बहुतांशी टळले.

तिसरे उदाहरण खास आपल्याकडचे. फिट आलेल्या रुग्णाच्या मेंदूत एक लहान गाठ दिसते. ती क्षयाची आहे, की पट्टकृमीच्या अळीची? दोन्ही आजार भारतात आढळतात आणि उपचार पूर्ण वेगळे. क्षयाची औषधे अनेक महिने घ्यावी लागतात. ती विनाकारण देणे रुग्णावर अन्यायच. एमआरआयमध्ये पुष्कळदा पाण्याच्या पिशवीत अळीचे डोके ठिपक्यासारखे दिसते आणि निदान होते. शंका उरल्यास चित्राऐवजी त्या जागेचा रासायनिक आलेख घेता येतो. क्षयाच्या गाठीत चरबीजन्य पदार्थाचे शिखर दिसते. या विषयावर लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतील राकेश गुप्ता आणि सहकाऱ्यांचे काम महत्त्वाचे आहे. येथे आलेख आणि चित्र, म्हणजे १९५०चे शास्त्र आणि १९८०चे यंत्र, पुन्हा एकत्र येतात.

मर्यादाही ध्यानात ठेवा. तपासणीला वेळ लागतो, रुग्णाला निश्चल पडून राहावे लागते, शरीरात काही प्रकारचे धातू किंवा पेसमेकर असल्यास धोका असतो. अपघातातील रुग्णासाठी आजही बहुधा आधी सीटी स्कॅनच करतात.

७. हेलियम: बीरभूमच्या उष्ण झऱ्यांची गोष्ट

१.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. एवढे क्षेत्र सतत ठेवायचे तर तार अतिसंवाहक हवी, आणि ती ४.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावी लागते. हे काम द्रवरूप हेलियम करतो. पारंपरिक यंत्रात तो हजार लिटरहून अधिक लागतो. भारत आपली हेलियमची गरज जवळजवळ पूर्णपणे आयातीतून भागवतो.

बंगालचा या गोष्टीतील दुसरा धागा येथे आहे. बीरभूम जिल्ह्यात वक्रेश्वर नावाचे तीर्थक्षेत्र आहे. तेथील उष्ण झऱ्यांतून वायूचे बुडबुडे येतात. सत्येंद्रनाथ बोस यांच्या प्रेरणेने श्यामादास चॅटर्जी यांनी या वायूंचा अभ्यास केला आणि त्यांत हेलियम असल्याचे दाखवले. प्रमाण घनफळाच्या एक टक्क्याहून थोडे अधिक. खडकांतील युरेनियम आणि थोरियम यांच्या क्षयातून अल्फा कण निघतात. अल्फा कण म्हणजे हेलियमचे अणुकेंद्र. तोच वायू भेगांतून वर येतो. पुढे साहा संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर यांनी तो वायू गोळा करून शुद्ध करण्याचे काम केले. या केंद्राने अतिसंवाहक चुंबक असलेला सायक्लोट्रॉनही उभारला. झऱ्यांचा हेलियम देशाची गरज भागवण्याइतका नाही. तरीही तो गोळा करताना आणि थंड चुंबक हाताळताना जी माणसे तयार झाली, ती संपत्ती मोठी आहे.

८. मग यंत्र का झाले नाही?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. येथून पुढचे काही माझे मत आहे. तुम्ही त्याच्याशी वाद घालावा.

एमआरआय यंत्र म्हणजे एकच शोध नव्हे. अतिसंवाहक तार, अतिशीत तंत्र, जोरदार आणि अचूक रेडिओ विद्युतमंडले, वेगाने चालू-बंद होणारी ग्रेडियंट कुंडले, संगणक आणि या सर्वांना प्रश्न विचारणारा डॉक्टर, इतक्या गोष्टी एका छताखाली याव्या लागतात. नॉटिंगहॅम आणि ॲबर्डीनमध्ये भौतिकीचे लोक आणि रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते आणि यंत्र विकत घेऊन सुधारणारे उद्योगही मागे उभे होते. कलकत्त्यात गणित होते, प्रयोगशाळा होती, मोठी रुग्णालयेही होती. त्यांना जोडणारा उद्योग आणि खरेदीदार नव्हता. हुशारी कमी पडली, असे मला वाटत नाही. कमी पडली ती साखळी. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीच्या इन्मास या संरक्षण संशोधन संस्थेत एमआरआय आले, तेही आयात केलेले.

ही साखळी जोडण्याचा प्रयत्न आता चालू आहे. मुंबईच्या समीर या संस्थेच्या नेतृत्वाखाली १.५ टेस्लाचे देशी यंत्र विकसित झाले आहे. अतिसंवाहक चुंबकाचे काम दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरकडे होते आणि सी-डॅकची तिरुवनंतपुरम व कोलकाता ही केंद्रे प्रकल्पात सहभागी आहेत. मार्च २०२५ मध्ये या यंत्राच्या चाचण्यांसाठी समीर आणि दिल्लीचे एम्स यांच्यात करार झाला. बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्स या कंपनीनेही स्वतःचे यंत्र तयार केले आहे. ही यंत्रे जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचतात का, दुरुस्तीला माणूस वेळेवर मिळतो का, यावर त्यांचे यश ठरेल.

तुमच्यापैकी कोणी विद्युत शाखेत असेल, कोणी यंत्र, कोणी संगणक. एमआरआयमध्ये तुम्हा सर्वांचे काम आहे. १९५४ चा निबंध लिहिणाऱ्यांना जे सोबती मिळाले नाहीत, ते तुम्ही एकमेकांना होऊ शकता.

स्वाध्याय

१. ३ टेस्लाच्या यंत्रात प्रोटॉनाची वारंवारता किती असेल? ती एफएमच्या पट्ट्याच्या तुलनेत कोठे येते?

२. दर मीटरला २५ मिलिटेस्ला वाढणारे क्षेत्र असल्यास २ मिलिमीटर अंतरावरील दोन जागांच्या वारंवारतेत किती फरक पडेल?

३. मैदानाच्या दृष्टांतात दुसरी शिट्टी उशिरा वाजवली, तर परतलेली रांग अधिक विरळ का होईल?

४. तुमच्या जिल्ह्यातील सर्वांत जवळचे एमआरआय यंत्र कोठे आहे, ते शोधा. गावाच्या टोकाकडील रुग्णाला तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, याचा अंदाज घेऊन अर्ध्या पानाची टीप लिहा.